चकातली चावी

"सर, लोखंडाला विटाळ होतो का?"

हे मी विचारलं. नववी ब च्या भर वर्गात, विज्ञानाच्या तासाला, उभी राहून, खणखणीत आवाजात. माझी हिंमत होणार नाय म्हणून माझ्या बाकावरच्या अपेक्षाने वडापावची पैज लावली होती. मागची पोरं आधी खिदळली, मग शब्दाचा अर्थ डोक्यात शिरला तशी पुस्तकात घुसली. सरांचा खडू फळ्यावरच थांबला.

अपेक्षाला वाटलं मी गंमत करतेय. गंमत कसली! आदल्या दिवसापासून माझ्या डोक्यात नुसता जाळ होता.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझं वाफेचं इंजिन पहिलं आलं. पण परीक्षकांनी चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चाक वाकडं फिरतंय गो." डब्याच्या झाकणाचं चाक, वाकडंच फिरणार ना! तेव्हापासून मला लेथ हवी होती. धातूचा तुकडा पकडून गरागरा फिरवायचा आणि टूल लावून सोलत सोलत बरोब्बर गोल करायचा, ती मशीन. कंपनीतली भलीमोठी नाय, टेबलावर मावणारी, हौशी लोकांची. पहिली आलीस तर घेऊ, असं बाबा आधीच बोलून बसले होते, त्यामुळे त्यांना पळवाट नव्हती.

पेणला गणपतीच्या कारखान्याच्या मागे सुजयकाका राहतात. जुनी घड्याळं दुरुस्त करायची हौस, त्यासाठी त्यांनी अशी लेथ ठेवली होती. आता ते लेकीकडे बडोद्याला चालले होते, म्हणून विकायला काढली. आम्ही घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी अख्खी दुपार शिकवलं. बाबांना नाय, मला. तुकडा ज्यात पकडतात तो गोल जबडा म्हणजे चक. तो आवळायची वेगळी चावी असते. "नम्रता, एक गोष्ट झोपेतसुद्धा विसरायची नाय," ते म्हणाले. "चावीवरचा हात सुटायच्या आधी चावी चकातून बाहेर. राहिली आणि मशीन चालू झाली, तर गोळीसारखी सुटेल." माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. पितळेचा एक तुकडा सोललाही मी. सोनेरी कुरळे केस निघावेत तसा पितळेचा कीस उडत होता आणि मी वेड्यासारखी हसत होते.

लेथ पुलापलीकडच्या अष्टमी गावात, आमच्या घरी आली. रविवारी पूजा ठरली. आणि रविवारी सकाळीच माझी पाळी आली.

"आज हात नको लावू मशीनला," आई म्हणाली. "कावळा शिवलाय ना. तिकडं दारात बस, तिथनं बघ."

"आई, मशीन माझी हाय!"

"तुझीच हाय गो. पळून जातेय का चार दिवसांत?"

खांब गावावरून पुंडलिककाका आले. बाबांचे मोठे भाऊ, त्यांच्या शब्दापुढे बाबा कधी जात नाहीत. सोबत त्यांचा मुलगा आदर्श. आयटीआयला नाव घातलंय, पण वर्गापेक्षा कोलाडच्या नाक्यावर जास्त दिसतो. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, पाहुण्यांच्या चपला राखायला बसवल्यासारखी.

काकांनी लेथच्या बेडवर, म्हणजे ज्या गुळगुळीत पट्ट्यांवर टूल सरकतं ना, बरोब्बर तिथे हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ तिथेच कडेला आपटून फोडला. पाणी सगळं बेडवर. आदर्श चकाशी खेळत होता. चावी घातली, आवळलं, सैल केलं, पुन्हा आवळलं आणि चावी तशीच सोडून मोबाइल काढला. काकांच्या हातात झेंडूचा हार. अडकवायला खुंटी शोधत होते, ती चावी दिसली. घातला हार तिच्यावर!

"चावी!" मी ओरडले. "काका, चावी काढा!"

"तू गप गो. आज मधी बोलायचं नाय."

"बाबा, तुम्ही तरी बघा, चकात चावी हाय!"

बाबा नारळाची भकलं गोळा करत होते. वर बघून म्हणाले, "दादा करतोय ना, नमू."

"आदर्श, दाब बटण. पोराच्या हातनं सुरुवात होऊ दे," काका म्हणाले.

आणि त्याने दाबलं.

ठाण्ण! आई ताट घेऊन उभी होती, तिच्या कानाजवळून चावी गेली आणि मागच्या भिंतीवरची फरशी फुटली. ताट खाली, निरांजन विझलं, झेंडूच्या पाकळ्या पंख्यापर्यंत उडाल्या. मी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. आई हात कानावर ठेवून तशीच उभी. कानाला काही झालं नव्हतं. पण वीतभर इकडे असती तर?

मला वाटलं, आता आदर्शला झोडतील. काका माझ्याकडे वळले आणि बाबांना म्हणाले,

"बघितलंस प्रवीण? पोरगी दारात बसून बघत होती. सावली पडली. नव्या मशीनला विटाळ झाला."

मी ओरडून सांगत होते ती चूक, आणि दोष माझ्या सावलीचा!

"ही मशीन आता खांबला जाऊ दे," काका म्हणाले. "मंगळवारी टेम्पो पाठवतो. आदर्श शिकेल. पोरीला काय करायचीय, उद्या सासरी नेणार हाय का?"

आणि बाबा म्हणाले, "बरं."

बरं! धाटावच्या कंपनीत माझे बाबा सेफ्टीचा बिल्ला लावतात. हेल्मेटशिवाय कुणी गेटात शिरलं तर परत पाठवतात. आणि घरात आईचं डोकं फुटायचं वाचलं, तर 'बरं'!

म्हणून सोमवारी मी सरांना विचारलं. सर घसा खाकरून म्हणाले, "लोखंडाला गंज येतो. पाणी लागलं की. बस खाली."

पाणी! नारळाचं पाणी! रविवारपासून बेडवर तसंच! भांडणात कुणी पुसलंच नव्हतं. मधल्या सुट्टीत मी वडापाव सोडून पूल ओलांडत घरी पळाले. हळदीखाली तपकिरी ठिपके उठले होते. माझ्या गुळगुळीत पट्ट्यांवर! मी जुनी ओढणी फाडली आणि पुसायला लागले. रडत नव्हते. रागाने डोळ्यांतून पाणी येतं, ते वेगळं.

आई दारात आली. "हात लावलास?"

"लावला. तुझी शिलाई मशीन त्या चार दिवसांत बंद असते का गं? जूनमध्ये शाळेचे गणवेश ढिगाने शिवतेस, तेव्हा तुला कुणी दारात बसवतं?"

आई फुटलेल्या फरशीकडे बघत राहिली. मग आत गेली आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आली. "नुसतं घासू नको," म्हणाली. "तेल लाव." आणि दुसरी चिंधी घेऊन शेजारी बसली.

संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले. बूट काढता काढता त्यांना पुसलेली लेथ दिसली, मग माझे काळे हात. काही बोलणार, तेवढ्यात मी चावी त्यांच्यासमोर धरली.

"बाबा, आई, दोघं ऐका. उद्या टेम्पो आला तर रिकामा जाईल. काकांना फोन तुम्ही करा, नायतर मी करते, आणि मी केला तर कशी बोलेन ते तुम्हाला माहीत हाय. मशीन इथेच राहणार. आज, आत्ता, मी ती चालवणार, तुम्ही माझ्या मागे उभं राहायचं, समोर नाय. आणि पुढच्या महिन्यात पाळी आली की त्या दिवशीही चालवणार."

मी चकात चावी घातली, पितळेचा तुकडा आवळला, चावी काढून बाबांच्या हातात दिली.

"आणि दहावीनंतर लेथ शिकायला मी आयटीआयला टर्नरचा अर्ज भरणार हाय. ठरलंय."