मोटारीला राहायला जागा

“मोटारीला रातच्याला राहायला जागा पाहिजे,” हबीबचाचा म्हणाले, आणि मी फस्सकन हसलो. तुम्ही पण हसला असता. माणूस आमच्या बिजलीघराच्या दारात उभा राहतो, टोपी काढून हातात घेतो, आणि पाव्हण्याची सोय लावल्यासारखं विचारतो, मोटारीला जागा हाय का!

“हसू नको, बद्री. दोन महिनेच. तुमचा जुना डायनामो पडूनच हाय ना? मला घरी चार्ज नाय करायचं आता. इथं करायचं.”

ती मोटार तुम्हाला ठाऊक आहे. तात्यासाहेब वकिलांची मुकी मोटार, हबीबचाचा तिचे डायवर. कुण्या नवाबाच्या लिलावात त्यांनी ती हैदराबादला घेतली, तेव्हा अख्खी छावणी हसली होती. आता लढाईमुळं पेट्रोल चिठ्ठीवर मिळतंय, गावातल्या निम्म्या मोटारी विटांवर उभ्या आहेत, आणि ही आपली चाललीच आहे. धूर नाही, आवाज नाही, मागून आली तर बैलाला पण पत्ता लागत नाही. हसणारेच आता कोर्टापर्यंत बसायला जागा मागतात.

पण ती पिते बिजली, आणि बिजली काय डब्यातून ओतता येत नाही. बैठकीखाली चौदा खोकी, खोक्यात तेजाब आणि शिशाचे पत्रे. रोज दिवस मावळला की चाचांनी मोटारखान्यातलं राकेलचं इंजन चालू करायचं, त्याच्या पट्ट्यावर डायनामो फिरवायचा, वायरी जोडायच्या आणि आठ-नऊ तास तिथंच थांबायचं. बरं, नुसतं थांबायचं नाही! दर अर्ध्या तासाला उठून एकेका खोक्याला हाताची पाठ लावून बघायची. कोमट लागलं तर ठीक, कढत लागलं तर इंजन हळू करायचं. लई तापलं तर पत्रे वाकतात, आणि लढाईत नवे पत्रे आणता कुठून? बॅटरी मेली की मोटार मेली, मोटार मेली की चाचांची नोकरी गेली. पंधरा वर्षं हा माणूस एका दमात झोपलेला नाही. कुणाच्या लग्नाला जायचं नाही, मयतीला गेला तर माती देऊन दिवसाउजेडी परत. दुभती म्हैस बांधलेल्या माणसाला गाव सोडता येतं का? तसं.

आणि राहतात पण तिथंच. मोटारखान्यात अर्ध्यात मोटार, मधी गोणपाटाचा पडदा, पडद्याअल्याड चाचांची बाज. बॅटरी भरत आली की खोक्यांना उकळी फुटते आणि असा वास सुटतो की घसा धरतो. चाचांचा एक सदरा धड नाही, सगळ्यांना तेजाबाची भोकं. बायको जहांआरा चार वर्षांमागं गेली. एकच लेक, रईसा. ती दोन वर्षांपूर्वी लासूर स्टेशनला दिली. मग पडद्याअल्याड चाचा आणि पल्याड मोटार, बस.

“रईसाला आठवा हाय,” चाचा म्हणाले. “पहिलं बाळंतपण. ते बापाच्या घरीच व्हायला पाहिजे का नाय? पर त्या वासात आणू का तिला? तूच सांग.”

मी हसायचा थांबलो. त्याच दिवशी आमच्या साहेबांना गाठलं, विनवलं, कबूल करून घेतलं. घरी नऊ तास लागतात तिथं आमच्याकडं सहा लागणार होते. मला वाटलं, चाचा खूष होतील. कशाचं काय! “सहा तासात? म्हणजे तुम्ही ठासून भरता,” म्हणाले, आणि आठ दिवस झाले तरी मला वायरीला बोट लावू दिलं नाही. स्वतः डायनामोपाशी गोणपाट टाकून बसायचे. मी म्हणायचो, “चाचा, मी फिटर हाय, न्हावी नाय.” तर म्हणायचे, “न्हावी बरा. कापलं तर रगत दिसतं. बॅटरीचं रगत दिसत नाय.”

पण तिकडं मोटारखान्याचं घर झालं! पडदा काढला, भिंतींना चुना दिला, इंजन-डायनामो कोपऱ्यात सरकवून गोणपाटांनी झाकला. मोटार उभी राहायची बरोबर त्या जागी नव्या सुतळीची बाज टाकली. आवडाबाई सुईण आपल्या गल्लीचीच, ती रईसाजवळ राहायला तयार झाली. रोज चाचा मला धरून न्यायचे, दारात उभं करायचे आणि म्हणायचे, “वास घे.” मी घ्यायचो. “येतो का?” “चुन्याचा येतो, चाचा.” “तेजाबाचा?” “नाय.” मग लहान पोरासारखे हसायचे.

तेवढ्यात लासूरहून निरोप आला. रईसाच्या सासूचा, शमशादबीचा. जुम्म्यापर्यंत पोरीला न्या. शनिवारी नववा लागतो, नवव्यात पोटुशी बाई गावची येस ओलांडत नाही.

आता रेल्वे आहे की. पण सध्याच्या गाड्या तुम्ही बघताच, सगळे डबे पलटणीनं भरलेले, माणसं पायऱ्यांवर लोंबतात. शिवाय चाचांच्या मनात एकच बसलेलं, लेक मोटारीतून येईल, मागच्या बैठकीवर, पाय वर घेऊन. तात्यासाहेब म्हणाले, “ने. शनिवारी माझी तारीख नाही. पण रविवारी सकाळी कोर्टाला मोटार दारात पाहिजे.”

आणि बेत कुणी आखला? मी! लासूर पंचवीस मैल. भरलेली बॅटरी तीस मैल नेते. म्हणजे जाताना आपली बिजली, येताना तिथली. लासूरला कापसाची जिनिंग आहे, तिचा मोठा डायनामो आहे, सध्या हंगाम जोरात, रात्रंदिवस चालते. पहाटे निघायचं, नऊला पोचायचं, मोटार जिनिंगला जोडायची, रईसाकडं जेवायचं, पाच वाजता रईसाला घेऊन परत. दिवस जुम्म्याचा. कारण निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची, कोर्ट बंद, तात्यासाहेबांना मोटार नको, आणि मला पण सुट्टी.

तुमच्या ध्यानात आलं. आलं ना? आमच्या नाही आलं.

नऊला जिनिंगच्या फाटकावर पोचलो, तर फाटकाला हे एवढं कुलूप. कडूबा म्हणून राखणदार उन्हाला बसून दात घासत होता. म्हणाला, “आज जुम्मा हाय. जुम्म्याला जीन बंद असतंय.”

मी म्हणालो, “पण हंगाम...”

“हंगाम असू दे, नाय तर हंगामाचा बाप असू दे. इंजनवाला वैजापूरला सासुरवाडीला गेलाय, हँडल त्याच्या खोलीत. उद्या सहाला भोंगा होईल, तवा या.”

मी माझ्या सुट्टीचा दिवस धरला, आणि माझ्या डोक्यात आलं नाही की माझी सुट्टी तीच सगळ्या दुनियेची सुट्टी! बिजलीघर जुम्म्याला चालतं, दिवे काय बंद ठेवता येतात? तर मला वाटलं, डायनामो म्हणजे चालणारच. आणि चाचा? पंधरा वर्षं त्यांचं इंजन एक दिवस थांबलं नव्हतं. दुसऱ्यांची इंजनं सुट्टी घेतात हे त्यांना कुठून ठाऊक असणार? बॅटरी खाली गेलेली. काटा तळाशी.

चाचांनी टोपी नीट केली आणि उतरून मोटारीच्या मागं गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कडूबानं कुलूप काढलं, मोटार आम्ही फाटकाच्या आत ढकलून लावली. रईसाच्या घरी गेलो तर पोरगी गाठोडं बांधून, बुरखा मांडीवर घेऊन तयार बसलेली. जावई बाजारात हमालीवर गेलेला. चाचांनी झालेलं सांगितलं. शमशादबी चुलीपुढून उठल्या.

“मग आता?”

“उद्या दुपारी नेतो, आपा.”

“उद्या नववा. मी निरोप दिला होता का नव्हता? माझ्या जाऊबाईची सून नवव्यात निघाली, काय झालं ते साऱ्या लासूरला ठाव हाय. मोटार नाय तर रेल हाय की. पाच वाजता गाडी येती. बापलेक जा.”

मी टुणकन उडी मारली. “बरोबर! चाचा, तुम्ही रईसाबाईला घेऊन गाडीनं जा. मी ऱ्हातो मोटारीपाशी. उद्या चार्ज करतो, घेऊन येतो. चालवता येते मला.”

रईसा बापाकडं बघत होती. चाचा म्हणाले, “बघू.”

जेवलो. दुपारभरात चाचा दोनदा जिनिंगला जाऊन आले. का, तर खोक्यांची झाकणं बघायला. चारला रईसा बुरखा घालून उभी राहिली.

टेसनावर ही गर्दी! गाडी आली तर शिपाईच शिपाई. पण जनान्या डब्यात एका म्हातारीनं रईसाला हात दिला, वर घेतलं, खिडकीशी जागा पण करून दिली. गाठोडं मी दिलं. चाचांना शेजारच्या डब्याच्या पायरीवर जागा मिळाली. एक पाय पायरीवर, एक फलाटावर, दांडा धरलेला. आणि तिथून मला म्हणतात,

“दर अर्ध्या तासाला हात लावशील?”

“लावीन, चाचा.”

“पाठीनं. तळव्यानं नाय.”

“पाठीनं.”

“तळव्याला घट्टे असतात, त्याला कळत नाय.”

“कळलं, चाचा. चढा वर.”

“त्यांचा डायनामो मोठा हाय. जोरात भरंल. तू म्हण, हळू ठेवा.”

“म्हणतो.”

शिट्टी झाली. रईसा खिडकीतून सगळं ऐकत होती.

“बद्री, सगळ्यात आधी कुठलं खोकं तापतं?” चाचांनी विचारलं.

मला काय ठाऊक! आठ दिवस हात लावू दिला होता का मला? पण मी अडलो नाही. ठसक्यात सांगितलं, “पहिलं.”

चाचांनी पाय खाली घेतला.

“अकरावं,” ते म्हणाले. “अकरावं, बेटा. त्याचा एक पत्रा आधीच कललेला हाय.”

मी ओरडलो, “अकरावं! कळलं! अकरावं बघतो, चढा ना!” गार्डानं झेंडी वर केली. चाचा दांडा धरून तसेच उभे. एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा जिनिंगच्या धुराड्याकडं. धुराड्यातून धूर नव्हता. मी तर त्यांना मागून ढकलणारच होतो, खरं सांगतो, हात पुढं केला होता.

तेवढ्यात रईसा दारात आली. म्हातारी म्हणतेय, “कहाँ जाती गे, बैठ,” पण ती गाठोडं धरून एकेक पायरी सांभाळत उतरली, आणि मी धावत जाऊन गाठोडं घेतलं. गाडी हलली. आम्ही तिघं फलाटावर.

“कैकू उतरी गे?” चाचांचा आवाज फुटला.

“अकेली कैसा जाऊँ?” ती म्हणाली. रागावली नव्हती. बुरख्याची जाळी वर केली, घामेजलेली होती. “तुमे मोटार देखो, अब्बा. मैं इधरिच ठीक हूँ. सास अच्छी है.”

“मैं आता था, बेटी. चढ़ताच था.”

“हौ,” ती म्हणाली. “मालूम है.”

मी तेव्हा मनात म्हणालो, अकरा म्हणालो असतो तर गेले असते. पण आता विचार करतो तर वाटतं, अकरा म्हणालो असतो तर त्यांनी दुसरं काहीतरी विचारलं असतं. म्हणून तुम्हाला सांगतोय, मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

शनिवारी सहाला भोंगा झाला. इंजनवाला भला माणूस, म्हणाला लावा. सात तास चाचा उकिडवे बसून होते आणि एकेका खोक्याला हात लावत होते. मी पण लावला. अकरावं खरंच आधी तापतं. दुपारी शमशादबींनी रईसाच्या हातच्या ज्वारीच्या रोट्या आणि खट्टी दाल पाठवली. रईसा स्वतः आली नाही, येस ओलांडायची नव्हती, आणि जिनिंग येशीबाहेर.

दोनला निघालो. मी मागच्या बैठकीवर बसायला गेलो, तर चाचांनी पुढं बसवलं. मागं नवी गादी अंथरलेली होती, चादर पण. आणि काय सांगू, काय मोटार चालवली त्यांनी! एक खड्डा चुकवायचा ठेवला नाही. पोटूळच्या अल्याड तर रस्ता म्हणजे नुसते दगड, तिथं उतरून एक मोठा धोंडा हातानं बाजूला केला. मी म्हणालो, “चाचा, हाणा की जरा. दिवस मावळतोय.” ऐकू आलं नसावं. आले तसेच, पावलापावलानं, ओढा लागला की थांबून, वळण लागलं की थांबून.

नाक्यावर रस्ता फुटतो, डावीकडं बिजलीघर आणि उजवीकडं छावणी. मी म्हणालो, “डावीकडं घ्या. मी थांबतो तुमच्यासंगं, आज माझी पाळी नाय तरी थांबतो.”

त्यांनी उजवीकडं घेतली.

आवडाबाई मोटारखान्याच्या दारात बसून होत्या, कालपासून वाट बघत. मोटार बघून उठल्या, पदर सावरला, मागच्या बैठकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. बाई शहाणी. आत गेल्या, नवी बाज उचलून भिंतीला उभी केली, आणि मोटार आत यायला जागा झाली.

चाचांनी इंजनावरची गोणपाटं काढली, घड्या घालून बाजूला ठेवली. पट्टा चढवला. एकेक वायर पुसून जोडली.

“बाई, तुम्ही बाहेर बसा,” ते म्हणाले. “आता वास सुटंल.”