शाकीबचा टकला गरुड

शाकीब पाखरांपायी वेडा झालाय, असं सारं बाळापूर म्हणायचं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. झेरॉक्सचं दुकान उघडं टाकून हा गृहस्थ नदीवर जाऊन बसायचा. गिऱ्हाईक शिव्या घालून परत जायचं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिवसभर एकच चित्र चालू असायचं. अमेरिकेतल्या कुठल्याशा झाडावर कॅमेरा लावलेला, आणि त्यात घरट्यात बसलेला बाल्ड ईगल. मित्र त्याला टकला गरुड म्हणायचे. शाकीब भडकायचा, "टकला नसते ना बाप्पा तो! डोकं पांढरं असते त्याचं!" मग मित्र रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्या टक्कलवाल्या बुजुर्गाकडे बोट दाखवायचे. "हा पाह्य, आला तुहा गरुड."

तो पक्षी त्याला उघड्या आभाळात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. अमेरिका काही जमणार नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी किल्ल्याखालच्या डोहावर हिवाळ्यात एक मासे मारणारी घार यायला लागली. डोकं पांढरं, डोळ्यावरून काळी पट्टी. थंडीपुरती पाहुणी, उन्हं तापली की उत्तरेकडे परत. ही काही बाल्ड ईगल नव्हे, हे शाकीबला पक्कं ठाऊक होतं. तरी बायकोला म्हणायचा, "आपल्याले हाच बाल्ड ईगल, शाहीन. यंदा तुले दाखवतोच."

यंदा थंडी पडायच्या आतच अकोल्याच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं.

शाहीन इद्दतीत बसली. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, ही रीत. तिनं ती मनापासून धरली. शोकाला बसायला जागा लागते, असं तिला सुरुवातीला वाटलंही. पण दुसऱ्या महिन्यात भिंती अंगावर यायला लागल्या. तीन खोल्या, एक न्हाणी, वरच्या खोलीला एक खिडकी. आलेल्या बायका सोडल्या तर तीच माणसं, तीच भांडी. भाकरी थापता थापता तिला आपलाच श्वास ऐकू यायचा.

इद्दत कधी फिटणार हे दीर सरफराजनं काढलं होतं. तो अकोल्याला बँकेत. भावाला माती देऊन आल्यावर त्यानं मोबाइल काढला, सात नोव्हेंबरपासून चार महिने मोजले, वर दहा दिवस घातले आणि सांगितलं, सतरा मार्च. सासू नसीमबानो एरवी असल्या गोष्टी बोटांवर मोजणारी बाई. पण मुलगा गेला तशी तिची बोटंच थिजली होती. तिनं मान हलवली. शाहीननं सतरा तारीख मनात कोरून ठेवली.

जानेवारीत नणंद अमरीन धावत वर आली. "भाभी, आला! डोहावरच्या वाळल्या बाभळीवर बसून राहिला."

शाहीननं खिडकीतून शाकीबची दुर्बीण लावली. दोन गच्च्यांच्या फटीतून नदीची बोटभर पट्टी दिसायची. त्या पट्टीवरून एक ठिपका गेला. डोकं पांढरं की काळं, काही कळेना. त्या दिवसापासून तिला एवढंच हवं होतं. तो परत जायच्या आत नदीवर जाऊन, शाकीबच्या वाटचं, एकदा त्याला नीट पाहायचं.

मार्च लागला. डोह आटायला लागला. अमरीन रोज कॉलेजातून येता येता बातमी आणायची. आज होता. आजही होता. शाहीन दिवस ढकलत होती, आणि ते काही केल्या ढकलले जात नव्हते. आठ राहिले, पाच राहिले, मग एक.

बुधवारी दुपारी अमरीन दम टाकत आली. "भाभी, तो लय उंच घिरट्या घेऊन राहिला. आज-उद्या जाते तो. बुरखा घाला आन् चला. दहा मिनिटांचं काम हाय. कोणाले समजत नाई."

शाहीन उठली. बुरखा हातात घेतला. जिन्याच्या तीन पायऱ्याही उतरली. मग थांबली.

"नाई," ती म्हणाली. "एका दिवसासाठी मोडत नाई मी. त्याच्यासाठी आता दुसरं काय करता येते मले? हे तरी पुरं करते."

अमरीनला रडू आलं. शाहीनला नाही आलं. ती वर जाऊन खिडकीशी बसली. फटीत त्या दिवशी ठिपकाही दिसला नाही.

गुरुवार सरला. शुक्रवारी उजाडताच दोघी नदीवर गेल्या. एवढं आभाळ एकदम पाहून शाहीनचे डोळे दिपले. बाभळ रिकामी होती. जाळं झटकणारा बंडू भोई म्हणाला, "तो पांढऱ्या डोक्याचा का? बुधवारी चार वाजेलोक होता. मंग जे गेला तो गेलाच."

शाहीन तासभर बसून राहिली. वाईट वाटलंच, पण मनात एक समाधानही होतं. आपण शब्द पाळला. पाखरू आपल्या वेळेनं गेलं, आपण आपल्या वेळेनं सुटलो. त्याला कोण काय करणार?

घरी आली तर वरच्या खोलीत सासूची थोरली बहीण मेहकरहून येऊन बसली होती. तिनं शाहीनला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "सोमवारपासून आराम पडला ना, बेटा?"

"सोमवारपासून? कालच तर फिटली, खाला."

"काल कशी?" म्हातारीनं तिथल्या तिथं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "शाकीब चांदाच्या पहिल्या तारखेले गेला. इद्दत चांदानं मोजतेत, भिंतीवरच्या कॅलेंडरानं नाई. चांदाचा महिना लहान असते. चार चांद आन् वरते दहा दिवस. सोमवारी दिवस बुडता, मगरिबले तू मोकळी झाली होती. तुले कोणी सांगतलं नाई?"

सरफराज सुट्टी घेऊन आला होता. त्यानं मोबाइल खिशात घातला. नसीमबानोनं कपाळावर हात मारून घेतला, "या अल्ला, मी कशी नाई मोजली!" अमरीन भाभीकडे पाहायचं टाळत होती.

शाहीनला बुधवार आठवला. जिन्याच्या तीन पायऱ्या. त्या दुपारी दाराला कडी नव्हती, मनाई नव्हती, पापही नव्हतं. रीत तिला केव्हाच सोडून गेली होती. तीच बसून राहिली होती. तिला सासूचा राग आला नाही, दिराचाही नाही. स्वतःचा मात्र आला.

ती उठली आणि दाराकडे निघाली.

"आता कुठी चालली?" नसीमबानोनं विचारलं.

"नदीवर."

"आत्ताच तर आली ना तू. तिथी आता काय हाय?"

"काही नाई," शाहीन म्हणाली, आणि पुढचं काही विचारायच्या आत जिना उतरून गेली.