करवंटीचं पिक

मुलांनो, डोळे उघडे ठेवूनच कल्पना करा. मिरजेत एक शाळा आहे. सलोमी साठे गिटार वाजवू लागली की त्या शाळेचा हॉल लांब होतो.

गेल्या संमेलनात तो इतका लांबला की शेवटच्या रांगेतली तिची आई हरभऱ्याएवढी दिसू लागली. आई दवाखान्यात नर्स. तासाभराची सुट्टी काढून आली होती. तिला एकही सूर ऐकू आला नाही, आणि मंचापर्यंत चालत यायला दिवेलागण झाली.

"छान वाजवलंस हो," ती चपला हातात घेऊन म्हणाली. सलोमीला ते फार लागलं.

यंदाच्या संमेलनाच्या सकाळी ती हनीफचाचांच्या वाद्यांच्या दुकानात गेली. ते सरोदसाठी करवंटीचे जवे घासतात. जवा म्हणजे तारा छेडायचा तुकडा. गिटारवाले त्यालाच पिक म्हणतात.

"कशानं वाजवतीस?" चाचांनी विचारलं.

सलोमीनं आइस्क्रीमच्या झाकणातून कापलेला तुकडा दाखवला. चाचांनी तो वाकवून पाहिला.

"ही दुधाच्या पिशवीची बहीण की गं! सगळ्या तारा एकदम झुलवायला झकास. पण एकेक सूर पोचवायचा तर तार वाकली पाहिजे. इथं पिकच वाकतंय."

त्यांनी शिंगाचं जाड पिक दिलं. सलोमीनं एक तार छेडली. दुकान आखडलं. भिंतीवरच्या सतारी तिच्या कानाला लागल्या, दार डब्याच्या झाकणाएवढं झालं.

"चाचा, दार!"

"बघितलं. आता मी जेवायला कुठनं जाऊ?" चाचांनी ते पिक काढून घेतलं आणि करवंटीचं मधल्या जाडीचं एक तिच्या तळहातावर ठेवलं. सलोमीच्या आइस्क्रीमवाल्या तुकड्यानं एकदा तारा झुलवून त्यांनी दार पूर्ववत केलं. "याला एक टोक आहे आणि दोन गोल खांदे. टोकानं सूर धारदार येतो, खांद्यानं मऊ. पकड घट्ट तर आवाज कडक. कधी काय, ते तुझ्या कानाला विचार. आणि नखं खाणं सोड आधी."

सलोमीनं तोंडातला अंगठा काढला.

अकरा वाजता पडदा उघडला. आई शेवटच्या रांगेत होती. सलोमीनं पिक घट्ट धरून टोकानं सुरुवात केली, आणि हॉल भराभर आखडला. खुर्च्या पुढे सरकल्या. पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकबाईंचे गुडघे मंचाला टेकले. मंचावर तिच्यासोबत गाणाऱ्या पाच मुली उदबत्तीच्या पुड्यातल्या काड्यांसारख्या चिकटल्या.

"सलोमे, माझी वेणी पंख्यात जातीय!" त्यातली एक गाता गाता म्हणाली.

सलोमी थांबली नाही. तिनं बोटांतल्या बोटांत पिक फिरवून गोल खांदा तारेवर आणला आणि पकड सैल केली. सूर मऊ झाला. भिंती हुश्श करून मागे सरकल्या. फार मागे जाऊ लागल्या तसा तिनं किंचित टोक लावलं. असं करत करत हॉल बरोबर एका मापाचा झाला. तिचा सूर आईच्या कानापर्यंत पोचेल, एवढाच.

आईनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. नर्सच्या गणवेशात! मुख्याध्यापकबाई उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. सगळा हॉल ओरडला, "पुन्हा! पुन्हा!"

सलोमीनं हात उचलला. झिजून झिजून पिक मोहरीएवढं उरलं होतं. ते निसटून गिटारच्या पोटात पडलं. सूर थांबताच भिंतींना आवरणारं कोणी उरलं नाही; बाजूच्या आत निघाल्या आणि आईच्या मागची बाहेर. आई खुर्चीसकट लांब जाऊ लागली. जाता जाताही ती टाळ्या वाजवत होती.

सलोमीनं अंगठ्याकडे पाहिलं. सकाळपर्यंत कुरतडलेलं नख आता तपकिरी होतं, टणक, करवंटीच्या रेषा असलेलं. मध्ये टोक, बाजूंना दोन गोल खांदे.

तिनं अंगठा जरा तिरका केला, आईचं अंतर नजरेनं मोजलं, आणि तार वाकवली.