चोवीस नंबरचा बिजा

भांडण लागलं ते चोवीस नंबरवरून. तेवीस झाडांपर्यंत बायनाबाई गप्प होती. म्हणजे तिच्या मानानं गप्प. मोजणीवाल्यांच्या मागं ती पुटपुटत चालली होती एवढंच. कोसमटोल्याच्या जंगलातून ट्रकांचा नवा रस्ता काढायचं चाललं होतं, आणि त्याच्या वाटेत किती झाडं येतात ते मोजायला एक साहेब आणि चामोर्शीकडची दिव्यानी नावाची पोरगी आली होती. पोरगी खोडावर पांढऱ्या रंगानं आकडा टाकायची आणि मग मोबाइल वर धरायची. मोबाइलला पान दाखवलं की तो झाडाचं नाव सांगायचा. पण दिवस चैत्राचे. अर्धं जंगल नागडं उभं होतं. पान दिसलं नाही की मोबाइल नुसता गरगरायचा, नावाचा रकाना रिकामा राहायचा, आणि रिकामा रकाना त्याला चालत नसे. मग साहेब म्हणायचे, "मृत लिही."

"चोवीस, मृत," दिव्यानी म्हणाली.

"कोन मेलं व?" बायनाबाई आडवी झाली. "हा बिजा हाये. मी नवरी होऊन आली तवापासून इथी उभा हाये. तुह्या मोबाइलले दिसत नाई म्हून मेला का?"

"आजी, पान कुठी आहे त्याले?"

"चैतात पान मागतेस? उन्हाच्या तावात मानसाले अंगावरचं लुगडं नकोसं होते. झाडानं पानं टाकली त काय गुन्हा केला?"

बिज्याच्या फांद्या उंच, म्हणून तिनं शेजारच्या तशाच बोडक्या धावड्याची काडी मोडली, नखानं खरवडली आणि आतलं हिरवं साहेबांच्या नाकासमोर धरलं. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना उशीर होत होता. चाळिसावं झाड मोजून होईपर्यंत ती मागं भांडतच राहिली. मग ते म्हणाले, "बाई, यंत्राला नख चालत नाही, पान लागतं. चाळीस झाडांतली एकतीस मेलेली निघताहेत. म्हणजे कागदावर हे जंगल नाहीच, माळ आहे. माळाला ग्रामसभेची परवानगी लागत नाही. हरकत असेल तर पंधरा दिवसांत पुरावा दाखवा."

"म्हंजे पान?"

"पान."

"नाचता येईना अन् आंगन वाकडं!" बायनाबाईनं पदर खोचला. "पान पायजे ना? देतो पान."

बायनाबाईचा पुतण्या संघपाल ग्रामसभेचा अध्यक्ष. त्याला तिनं तिथल्या तिथं कामाला लावलं. लांब बांबूला विळा बांधून त्यानं मेलेल्या ठरवलेल्या एकतीस झाडांची एकेक फांदी उतरवली. बायनाबाईनं त्या दिव्यानीपुढं टाकल्या. "तुह्याच हातानं नंबरच्या चिठ्ठ्या बांध, पोरी. उद्या कोनी म्हनाले नाई पायजे का बुढीनं लबाडी केली."

साहेबांना हसू आलं. बांध म्हणाले.

एकतीस फांद्या विहाराच्या पडवीत ओळीनं उभ्या राहिल्या. कोणी रंगाच्या डब्यात, कोणी तेलाच्या कॅनमध्ये, एक तर चक्क बायनाबाईच्या लग्नातल्या पितळी लोट्यात. ती रोज सकाळी हातपंपावरून दोन गुंड भरून पाणी आणायची आणि डब्यांतलं शिळं पाणी बदलायची. गाव हसायचं. शेजारची सुकरी म्हणाली, "बायनाबाई, बाया पोरीले न्हाऊ घालते, तू त काड्याइले न्हाऊ घालून राह्यली!"

"हास. तुह्या मोहाचाबी नंबर हाये त्यात, सतरा."

तेव्हापासून सुकरी तिसरा गुंड आणू लागली.

चौथ्या दिवशी कोसम फुटला. लालबुंद, ओली, एवढुशी पानं. सकाळी झाडायला आलेली बायनाबाई झाडणी हातात धरून पाहतच राहिली. मग तेंदू आला, तांबूस आणि मऊ. मग सलई. मोवई तर काय, कुंपणाला खुंट रोवला तरी फुटणारी जात. ती दोन्ही बाजूंनी फुटली. जयंतीच्या दिवशी विहारावर निळ्या पताका लागल्या, खीर शिजली, आणि आलेला प्रत्येक माणूस बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून मग डब्यांपुढं वाकून पानं बघत होता. येन तेवढा हटून बसला होता. येन आळशीच. बाराव्या दिवशी त्यालाही लाज वाटली.

राहिला चोवीस नंबर. लोट्यातला.

तेराव्या दिवशी बायनाबाईनं त्याची काडी नखानं खरवडली. आत तपकिरी, कोरडं. ती चप्पल घालून सरळ जंगलात गेली, बिज्याला वळसा घालून पलीकडं गेली आणि तिथंच खाली बसली.

झाडाची साल गेली होती. कमरेएवढ्या उंचीवर, समोरचा वीतभर पट्टा सोडला तर पुरा घेर.

तिचा नवरा सोमाजी साखरेच्या आजारानं गेला. सात वर्षं ती त्याला बिज्याच्या सालीचं पाणी देत होती. सासूनं शिकवलं होतं तसं, एका बाजूनं हातभर घ्यायची आणि ती भरून येईपर्यंत दुसरीकडं सुरी लावायची नाही. पण तिचं पाहून दुसऱ्यांनी घेतली, त्यांचं पाहून पाहुण्यारावळ्यांनी. सोमाजी गेल्यावर तीन वर्षं ती या बाजूला फिरकलीच नव्हती. लांबून खोड पाहायची आणि म्हणायची, आहे उभा. सगळ्यांत जुनी, काळी पडलेली खूण तिच्याच सुरीची होती. तिला रडू आलं. सोमाजी गेला तेव्हा ती चारचौघांत रडली होती. इथं एकटीच रडली.

घरी आल्यावर संघपाल दबक्या आवाजात म्हणाला, "काकी, नाल्याच्या काठाले दुसरा बिजा फुटून राह्यला. त्याची फांदी आनू अन् चिठ्ठी तेवढी बदलवू. कोनाले कळते?"

"मले कळते."

"एका झाडानं साहेब सगळ्याइवर बोट ठेवीन ना."

"ठेवू दे. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे मले जमत नाई गा."

पंधराव्या दिवशी साहेब आले. पडवीत सगळं गाव. दिव्यानी एकेका डब्यापुढं मोबाइल धरू लागली. कोसमाची लाल पानं पाहून मोबाइल म्हणाला, आंबा.

गाव खो खो हसलं. बायनाबाई कडाडली, "ज्या झाडावरून गावाचं नाव पडलं त्यालेच आंबा म्हनते! आंब्याचं पान एकटं राह्यते, पोरी. हे पाय, एका दांडीवर जोड्या हायेत. अन् हा येन. पानाच्या मांगून बोट फिरव, देठापाशी. लागल्या दोन गाठी?"

"लागल्या," दिव्यानी हळूच म्हणाली. मग तिनं मोबाइल खाली ठेवला आणि बायनाबाई सांगेल तसं लिहू लागली. तीस डबे झाले. साहेब लोट्यापाशी थांबले.

"आणि हे? याच झाडासाठी भांडलात ना तुम्ही?"

संघपालनं मान खाली घातली. बायनाबाईनं घातली नाही.

"हो. हा मेला हाये. मी चुकली."

"कशानं मेला?"

"आमी मारला. माहा नवरा आजारी होता म्हून साल काढली. पयली सुरी माही. मंग गावाची."

साहेब गावाकडं वळून पाहू लागले. त्यांना बोट ठेवायला जागा सापडली होती. "म्हणजे तुम्हीच झाडं मारता, आणि आम्हाला—"

"लिव ना," बायनाबाईनं त्यांना पुरं बोलूच दिलं नाही. ती दिव्यानीकडं वळली. "चोवीस नंबर, बिजा, मेला. साल काढल्यानं. काढनारी बायनाबाई सोमाजी उंदिरवाडे. लिवलं?"

"लिवलं, आजी."

"आता त्याच्या खाली लिव. बाकीचे तीस जिते हायेत. ओळखनारी, बायनाबाई सोमाजी उंदिरवाडे."

"असा रकाना नाही," साहेब म्हणाले. "ओळख यंत्राची लागते."

"तुमच्या यंत्रानं कोसमाले आंबा म्हनलं, साहेब. मेल्या झाडाखाली माहं नाव चाललं तुमाले. जित्याखाली काऊन चालत नाई?"

साहेबांनी डब्यांच्या ओळीकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. चाळीसातली एकोणचाळीस जिवंत म्हटल्यावर ग्रामसभा बसल्याशिवाय तिथं कुऱ्हाड लागणार नव्हती. आणि कोसमटोल्याची ग्रामसभा कशी बसते, ते त्यांना अजून कळायचं होतं.

त्यांनी काही म्हणायच्या आत दिव्यानीनं नाव लिहून टाकलं होतं.