मी थांबले की पळा

मी एक जुनी पाणचक्की आहे, मित्रांनो. इथले लोक मला घराट म्हणतात. पुंछच्या डोंगरात, ओढ्याच्या काठी, देवदारांच्या सावलीत मी उभी आहे. समोरच्या माथ्यावर काटेरी तार आहे. ओढा त्या तारेखालून पलीकडे जातो. तिकडेही माझी एक बहीण दळते म्हणतात. मी तिला पाहिलेलं नाही.

माझा मालक फकर दीन. त्याच्या आजोबांनी मला बांधलं. पन्हळातून पाणी चाकावर कोसळतं, दगड गरगरतो आणि दाण्यांच्या टोपलीला बांधलेली काठी त्याच्यावर टकटक नाचते. ती टकटक पार मक्याच्या शेतांपर्यंत जाते. बाया दळणाला आल्या की तिच्याच तालावर गात :

पाणी गं डोंगराचं, नाही कुणाचं ऐकत
माझ्या भावाच्या गावाला जातं तारेच्या खालत

"फकरू, दाढी झटक जरा," शेजारची म्हातारी माखणी बी म्हणे. "दोन रोट्यांचं पीठ निघेल त्यातून!"

"झटकतो. पण मग तुझं दळण सगळ्यांत शेवटी."

असे हसण्याचे दिवस मी पाहिले. पण मध्येच माथ्यावर 'ठप्' असा आवाज होई, आणि दहा-बारा श्वासांत तोफगोळा शेतात येऊन पडे. माझ्या घरघरीत आणि कामाच्या नादात शेतातल्या बायांना तो 'ठप्' ऐकू येत नसे. मला फार अपराधी वाटे. मग फकर दीनने एक युक्ती केली. एरवी संध्याकाळी मला थांबवायला तो चढून पाटाच्या तोंडाशी दगड लावी. आता त्याने दाराजवळ पाटात एक फळी बसवली. ती उपसली की पाणी बाजूच्या चरात वळे आणि मी जागच्या जागी गप्प होई. तो दारातच बसू लागला, कान माथ्याकडे, हात फळीवर. गावाने नियम केला : दिवसाउजेडी घराट थांबलं, की हातातलं टाकून बंकरात. माझ्या मुकेपणाने किती जीव वाचले! लोक येता-जाता माझ्या दगडाला हात लावून कपाळाला लावीत.

मग रेडिओवर सांगितलं, दोन्हीकडच्यांनी बंदुका खाली ठेवल्या. दोन वर्षं माथा शांत राहिला. बंकरात लोकांनी कणसं भरली, कोंबड्या बसवल्या. मी दिवसभर दळत होते. फळीला कुणी हात लावला नाही. ती पाण्याने फुगली, खाचेत गाळ बसला. मला ते जाणवत होतं, मित्रांनो. पण टकटकीशिवाय मला दुसरी भाषा कुठे येते?

त्या दिवशी फकर दीनची लेक झैतून बायांबरोबर मका कापत होती. पळण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दुपारी माथ्यावर 'ठप्' झालं.

फकर दीन फळीवर झेपावला. फळी हलेना. "निघ गं! निघ, तुझं वाटोळं होवो!" तो ओरडत होता आणि मी दळत होते. शेतात कुणीतरी थबकलं असेल, तर माझी टकटक ऐकून पुन्हा वाकलं असेल. घराट चालू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. पहिला गोळा ओढ्यात पडला. बाया उभ्या राहिल्या, माझ्याकडे कान लावून. डोंगरात सुरुंग लावतात, तसलंच काही असेल, असं माखणी बी म्हणाल्याचं नंतर कळलं.

फकर दीनने दाराचा अडसर काढला, खाली उतरला आणि तो माझ्या चाकात खुपसला. माझी सात पाती कडाकड मोडली. मी थांबले. इतकी वेदना आणि इतका आनंद मला एकदम कधी झाला नव्हता.

बाया पळाल्या. झैतून सर्वांत पुढे होती. पण माखणी बी मागे पडली, म्हणून ती परत फिरली. दुसरा गोळा त्या दोघींच्या जवळ पडला. माखणी बीला खरचटलं. झैतूनचा डावा पाय गुडघ्याखालून तुटला.

हिवाळाभर मी मोडकी पडून होते. फकर दीन माझ्या दाराशीही येत नसे. वसंतात सुताराने नवी पाती बसवली, नवी फळी तासली. तेव्हा तो आला आणि रोज सकाळी फळी खालीवर करून बघू लागला. एके दिवशी झैतून कुबडी टेकत आली आणि उंबऱ्यावर बसली.

"अब्बा, हिला पहिल्या आवाजाला थांबवतोस ना?"

"हो, बेटी."

"इतरांना तेवढं पुरेल. मला त्याच्या आधी कळायला हवं."

"आधी मला कसं कळणार गं?"

तिने टोपलीतले दाणे हाताने सारखे केले.

मित्रांनो, मलाही आधी कळत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी करारांवर सह्या करणारे व्हाल, कुणी त्या माथ्यावर पहारा द्याल. शांतता झाली म्हणून तिला एकटी सोडू नका, रोज जाऊन तिची विचारपूस करा. आणि माथ्यावर गेलात, अलीकडच्या असो की पलीकडच्या, तर तिथल्यांना एवढं सांगा : खाली शेतात एक मुलगी आहे, तिला आता पळता येत नाही.