राजविचार, आवृत्ती दुसरी

भोवरगड संस्थान म्हणजे अवघी एकोणीस गावं. पण तिथल्या राजांचा तोरा असा, की जणू दिल्ली यांच्याच परसात होती. त्यात घराण्याला विचार मांडायची खोड. आजोबा म्हणत, प्रजा म्हणजे गुरं. वडील नानासाहेब म्हणत, प्रजा म्हणजे लेकरं. संस्थान गेलं, तसा नातू लक्ष्मणराव सत्तावनच्या निवडणुकीला उभा राहिला आणि म्हणू लागला, प्रजा म्हणजे मालक. या मालकाला कधी काही विचारावं, हे मात्र त्याच्याही डोक्यात आलं नाही.

पिंपरीत कारखान्याच्या फाटकासमोर, चहाच्या दुकानात बसून आबाजी मास्तर हे सगळं रंगवून सांगत. भोवरगडाहून कामाला आलेले गडी खो खो हसत. मास्तर पूर्वी संस्थानात शिक्षक होते, आता कारखान्यात हजेरी कारकून. युनियनचे अर्ज तेच लिहीत, म्हणून कामगारांचा त्यांच्यावर फार जीव.

एकच गोष्ट मास्तरांनी लपवली होती. नानासाहेबांच्या नावानं छापलेला ‘राजविचार’ त्यांनीच लिहिला होता. महाराजांना सही करतानाही घाम फुटायचा. नोकरी जाईल या भीतीनं मास्तरांनी आठ दिवसांत चाळीस पानं खरडली, आणि भीतीच्या मानानं फारच सुरेख खरडली. हे कळलं, तर पोरं तोंडावर थुंकतील, हे ते जाणून होते.

एका दुपारी पहिली शिफ्ट सुटली आणि लक्ष्मणरावाची जीप दुकानापुढे थांबली. त्याची माणसं गड्यांना पुस्तकं वाटू लागली. लक्ष्मणरावानं मास्तरांना बाजूला घेतलं.

“नवी आवृत्ती, मास्तर! ‘राजा’ होतं तिथं ‘पुढारी’ घातलंय, बाकी सगळं तेच. आमच्या नानासाहेबांनी तुमच्यावर अन्याय केला. या वेळी पहिल्या पानावर लेखक म्हणून तुमचंच नाव आहे.”

मास्तर मनात चरफडले. या गाढवाला जन्मात एकदाच न्याय करावासा वाटला, तोही इथंच! जीप आकुर्डीकडे निघून गेली.

भोवरगडच्या गड्यांतल्या सयाजीनं पुस्तक पुढं केलं. “मास्तर, वाचा की. आमाला कुठं येतंय!”

सुटकेचा श्वास टाकत मास्तरांनी मधलंच पान उघडलं. “‘कुणब्याच्या पोरास अक्षर शिकवणे म्हणजे बैलास आरसा दाखवणे.’” या वाक्याला दरबारात शेला मिळाला होता.

सयाजीचा चेहरा काळवंडला. “म्हंजी हेच्यापायीच आमची शाळा बंद केली व्हय? कुनी लिवलंय ह्ये?”

“नानासाहेबांनी,” मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःचीच किळस आली.

“भाड्या मेला, सुटला. तुमच्यावानी मानूस गादीवर असता तर आमी बी शिकलो असतो.”

मास्तरांनी पुस्तक घाईनं काखेत मारलं. “फाडून टाकतो. असली घाण घरात नको.”

“न्हाई मास्तर, द्या हिकडं.” सयाजीनं ते ओढून घेतलं. “माझी इंदू पाचवीला हाय. आज पयल्या पानापासनं वाचून घेतो तिच्याकडनं.”