भूमिकाच्या ट्रकवरचा हमाल

सुरतेहून हितेंद्रने लेकीसाठी रिमोटची गाडी आणली. चार वर्षांच्या भूमिकाने एकदा चाक फिरवलं आणि गाडी पलंगाखाली सारून दिली. झालं, संपलं कौतुक! दिवाळीनंतर थेट आता घरी आलेल्या बापाला तिने अजून एकदाही 'पप्पा' म्हटलं नव्हतं. आईच्या मागे लपून नुसती टुकूटुकू बघायची. सुट्टी संपली होती, उद्या सकाळी परत सुरतेची गाडी. जाण्याआधी पोरीने एक हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं आणि ते बोलून दाखवायची लाज वाटत होती.

दुपारी त्याची बायको ज्योत्स्ना अंगणात कपडे वाळत घालत होती. शेजारी भूमिकाचा धंदा जोरात चालला होता. त्यांच्या असोदा गावात केळीची कापणी सुरू होती आणि गल्लीच्या टोकाच्या मळ्यात ट्रक भरताना तिने पाहिलेलं सगळं अंगणात उतरलं होतं. बाज म्हणजे ट्रक, घरातल्या उशा म्हणजे केळीचे घड. डोक्यावर ओढणीची चुंबळ. एक उशी ठेवली की मागे सरून मान वाकडी करून बघायची, मग कोपरा दाबून बसवायची.

हितेंद्रला आधी हसू आलं, मग तो बघतच राहिला. काय नजर या पोरीची! घाम नसताना कपाळ पुसणं, नसलेल्या ड्रायव्हरवर खेकसणं, काही म्हणून सुटलं नव्हतं.

बैठकीवरचा मोठा लोड मात्र तिला उचलेना. तिने इकडेतिकडे पाहिलं. रिकामा माणूस एकच होता.

"ओ भाऊ, बसून काय राह्यले? घड उचला ना!"

सख्ख्या बापाला भाऊ! ज्योत्स्नाने ओला टॉवेल तोंडावर धरला. हितेंद्र मुकाट्याने उठला, चुंबळ चढवली आणि कामाला लागला. "हळू! दांडा मोडीन ना!" अशी बोलणी खात त्याने सगळा माल चढवला. इतकी मजा त्याला कित्येक महिन्यांत आली नव्हती.

उशा संपल्या. "आता मी घड," म्हणत भूमिकाने दोन्ही हात वर केले.

त्याने तिला खांद्यावर घेतलं. या सुट्टीत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे आली होती. त्याचा जीव सुपाएवढा झाला. पण बाजेवर जागा उरली नव्हती, म्हणून तो तिला जमिनीवर ठेवायला वाकला. तशी तिने गळ्याला मिठीच मारली.

"भुईवर नोको! घड काळा पडीन! आधी पान टाका!"

खरंच की! केळीचा घड कोणी उघड्या जमिनीवर ठेवतं का? आधी पानं अंथरायची, मग घड. केळीवाल्याच्या घरात वाढलेला गडी सुरतेत राहून एवढं विसरला आणि चिमुरडीने त्याला बरोबर पकडलं.

"पान कोठी हाये मंग?" त्याने विचारलं.

पान म्हणून अंथरायला ज्योत्स्नाने दोरीवरच्या चादरीला हात घातला, पण त्या दोघांकडे पाहून तो तसाच मागे घेतला.

"पानं सरली," ती म्हणाली. "मळ्यातून आणा."

लेकीला खांद्यावर घेऊन तो गल्लीत निघाला. ओट्यावर म्हातारे भिकन आबा बसले होते.

"काय वं भूमी, कोणाच्या खांद्यावर बसली?"

"माह्ये पप्पा हायेत," ती ऐटीत म्हणाली. "मी कामाले ठेवले."

हितेंद्रचे डोळे भरून आले. तिचे पाय छातीशी घट्ट धरून तो पुढे चालू लागला.

मळा आला. बांधावर ताज्या पानांचा हा मोठा ढीग पडला होता. हितेंद्रने तो पाहिला, खांद्यावरचा घड नीट सावरला आणि ढिगाच्या बाजूने सरळ पुढे निघून गेला.